दारामागचा मित्र

फार्सला दारं लागतात. नवरा एका दारातून आत गेला की सासरा दुसऱ्यातून बाहेर यायलाच हवा, आणि दोघांची चुकामूक थोडक्यात व्हायला हवी. बबन प्रभूंचं ‘झोपी गेलेला जागा झाला’ काढायचं म्हटलं की हौशी मंडळींपुढे नटांच्या आधी दारांचा प्रश्न उभा राहतो. व्यावसायिक संचाकडे सुतार असतो. आमच्याकडे मित्र होते.

कॉलनीतल्या गणपतीत आमची भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. दार जोरात आपटलं की भिंतीसकट त्यावर रंगवलेली खिडकीसुद्धा थरथरायची. म्हणून आमचा एक मित्र नाटकभर त्या भिंतीला मागून पाठ लावून उभा राहायचा. पुढे तो वीज मंडळात लागला. त्याला नाटक दिसायचं नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. हळूहळू त्याने एक उद्योग सुरू केला. बाहेर हशा चालू असला की तो दाराची कडी धरून ठेवायचा. पुढच्या नटाने कितीही धडका मारल्या तरी हशा ओसरू लागल्याशिवाय एन्ट्री नाही! हशाच्या ऐन भरात घुसलेला नट स्वतःचं वाक्य तर घालवतोच, आधीच्याचा लाफ्टरही खातो. हे आम्हाला कुठल्या शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या टायमिंगचं पुढे जे कौतुक झालं, त्यातला निम्मा वाटा त्या कडीवरच्या हाताचा.

कॉलेजात पुरुषोत्तम करंडक आला. 1963 पासून चालत आलेली ही स्पर्धा, आणि भरत नाट्य मंदिरातला तो निर्दय तरुण प्रेक्षक. तिथे विनोदी एकांकिका घेऊन जाणं म्हणजे स्वतःहून हात दाखवून अवलक्षण. आमच्यासोबत गेलेल्या मुलांनी तालमी इतक्यांदा पाहिल्या होत्या, की एकही विनोद त्यांना नवा नव्हता. तरी हसले. आणि नंतर ‘आव्वाज कुणाचा’ करत घसे बसवून घेतले. बक्षीस वगैरे काही नाही.

नोकरीत असताना ‘मोरूची मावशी’ केलं. ब्रँडन थॉमसचं 1892 चं इंग्रजी नाटक अत्र्यांनी असं काही मराठी केलंय की मावशी परकी वाटतच नाही. मावशी मी होतो. विंगेतल्या अंधारात, तोंडात पिना धरून, मला धावत्या वेळात लुगडं नेसवणारी सहकारी मैत्रीण प्रयोगागणिक शिव्या घालायची: “पोट आत घ्या हो मावशी!” लुगडं तिच्या सासूबाईंचं. त्यांना ते कशासाठी नेलंय हे प्रयोगाच्या दिवशी, पहिल्या रांगेत बसल्यावर कळलं.

तिसऱ्या घंटेआधीच्या निवेदनात ही सगळी माणसं ‘विशेष साहाय्य’ या दोन शब्दांत उरकली जातात, तीही प्रेक्षक खुर्च्या शोधत असताना. मला ती पद्धत कधीच पटली नाही. पण आभार मानायला गेलं की ही मंडळी भडकतात, हाही अनुभव आहे.

आता आम्ही निवृत्त लोक सोसायटीच्या ग्रुपसाठी मोबाइलवर छोटी प्रहसनं करतो. फोन धरायला तोच वीज मंडळवाला. इथे त्याला सगळं समोर दिसतं, त्यामुळे तो आधीच हसतो आणि चित्र हलतं. भाची म्हणते, त्याचा आवाज काढून टाकू. मी काढू देत नाही. त्याला मात्र फ्लॅटमधली ही प्लायवूडची दारं पसंत नाहीत. आपटल्यावर दणका बसत नाही म्हणे. त्याच्या गावच्या घरी एक जुनं सागवानी दार पडून आहे. ते आणायला रविवारी चार माणसं हवी आहेत, आणि टेम्पो.