एका सेकंदाचा आयत

शनिवारी सकाळी साडेनऊ ही काही माझी उठायची वेळ नाही. पण ताईचा फोन आला, "हिला जरा फिजिक्स सांग रे, सोमवारी चाचणी आहे." भाची नववीत. आपण पडलो इंजिनिअर, म्हटलं दात घासता घासता सांगून टाकू.

गणित असं: गाडीचा वेग ताशी ७२ किमी, ५० मीटरवर म्हैस आडवी. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत १ सेकंद जातो, मग वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो. म्हैस वाचेल का?

गतीची तिन्ही समीकरणं मी अजून झोपेत म्हणू शकतो. ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. विसाचा वर्ग ४००, भागिले १०. उत्तर ४० मीटर. "वाचली म्हैस!"

"नाही वाचली, मामा." तिने व्हिडिओ कॉलवर वही धरली. वेग-काल आलेख. पहिला सेकंद रेघ सपाट, मग चार सेकंदांत उतरत शून्यावर. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. आयत २० मीटरचा, त्रिकोण ४० चा. एकूण ६०.

तो पहिला सेकंद मी चक्क खाल्ला होता! शाळेत दोन मार्कांसाठी पट्टी-पेन्सिल घेऊन कोण बसणार, म्हणून मी आलेख कायम ऑप्शनला टाकले. सूत्रात किमती घातल्या की झालं. पण ते सूत्र त्वरण बदललं नाही तरच चालतं, आणि ते कुठे बदललं हे सूत्र सांगत नाही. आलेखात तिथे सरळ कोपरा दिसतो. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट का, तेही दिसतं: त्रिकोणाचा पायाही दुप्पट, उंचीही दुप्पट.

असो. फोन ठेवला, पण डोक्यातून आलेख जाईना. दोन वर्षांपूर्वी मी हायवेवर बाईक टेम्पोला मागून ठोकली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे घरी. तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगत आलोय: त्याने अचानक ब्रेक मारला, मी तर लगेच मारला होता.

लाईट बिलाच्या पाठीमागे दोन्ही रेघा काढल्या. दोघांचा वेग ताशी ५४, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ब्रेक सारखेच धरले. टेम्पोची रेघ उतरते, माझी तशीच उतरते, फक्त १ सेकंद उशिरा. मध्ये समांतरभुज चौकोन. पाया १, उंची १५. म्हणजे दोघांत निदान १५ मीटर हवेत. दोघांचे ब्रेक सारखेच असतील तर ते कितीही भारी असोत, हा आकडा हलत नाही.

आणि आमच्यात अंतर किती होतं? टेम्पोच्या मागचा शेर मी आरामात वाचत होतो. सहा-सात मीटर, फार तर.

त्या माणसाला मी भर रस्त्यात काय काय बोललो होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारा मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला होता.

ताईला मेसेज केला, "टेम्पोवाल्याची चूक नव्हती." दहा मिनिटांनी उत्तर आलं, "माहितीय. जेवलास का?"