माणिकबागेतलं कस्टम्स

करड्या रंगाची एक लाँच आमच्या होडीला वळसा घालून गेली. तिच्या अंगावर हातभर अक्षरांत ‘डुआन’ लिहिलेलं. ते वाचून हे उठून उभेच राहिले. होडी डुचमळली, खलाशानं हातानं बसायची खूण केली, तरी बसेनात. “अगं, कस्टम्स! आपलं कस्टम्स!” समोरच्या जोडप्यानं घाईघाईनं आपापले पासपोर्ट चाचपले.

यांची सगळी नोकरी कस्टम्स आणि एक्साइजमध्ये, आणि तीही इंदुरात. समुद्र बघायचा तर आम्ही रात्रीची मुंबईची अवंतिका एक्सप्रेस पकडणारी माणसं. यांचं कस्टम्स म्हणजे पिथमपूरच्या बाजूला आयसीडीत, म्हणजे कोरड्या बंदरात, उभे असलेले कंटेनर, त्यात भरलेली सोयाची पेंड, सील, सही, आणि माल मुंबईकडे रवाना. जहाज यांना फक्त कागदावर भेटायचं. साठी उलटल्यावर क्रूझचा हट्ट कोणी धरला, हे सांगायला नकोच.

विलफ्रांश हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, नीसला लागून असलेलं छोटंसं बंदर. खाडी चांगली खोल, पण धक्का चिमुकला. म्हणून क्रूझ मध्येच नांगर टाकते आणि माणसांना होड्यांतून काठावर सोडते. शेवटची होडी साडेचारला. मला हे आवडलं. परतायची वेळ ठरलेली असली की माणूस उगाच सगळं बघायला धावत नाही. तेराव्या शतकातली एक गल्ली आहे, वरून घरांनी झाकलेली, भर दुपारी दिवे लागतात तिथे. कोळ्यांचं एक जुनं देऊळवजा चर्च आहे. पूर्वी त्यात जाळी ठेवायचे, 1957 साली झाँ कोक्तोनं ते आतून रंगवलं. दोन्ही पाहिलं. बाकी वेळ धक्क्यावरच्या बाकावर. समोर क्रूझ, डावीकडे हिरवीगार टेकडी, आणि हे मनानं माणिकबागेत पोचलेले.

कारण यांचं ऑफिस होतं इंदूरच्या माणिकबागेत. समुद्र नसलेल्या गावातलं कस्टम्स, आणि ते राजवाड्यात! पण माणिकबाग कमानी-महिरपींचा राजवाडा नव्हेच. ऑक्सफर्डला शिकलेल्या इंदूरच्या महाराज यशवंतराव होळकरांनी 1930 ते 1933 च्या दरम्यान एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून तो सजवून घेतला. दोघेही तेव्हा तिशीच्या आत. दिव्यांपासून दारांच्या मुठींपर्यंत सगळं मुथेसियसच्या नजरेखालून गेलेलं. वाचनखोलीतल्या तांबड्या खुर्च्यांना पाठीशीच दिवे बसवलेले, म्हणजे पुस्तक उघडायचं आणि हात मागे न्यायचा. धातू आणि काचेचे पलंग पॅरिसहून आले. आयलीन ग्रेची आरामखुर्ची आली, रुलमानचं टेबल आलं. आणि हे सगळं आलं ते अशा गावात, जिथे आमची पणजी अजून भिंतीला टेकून, पाटावर बसून पोथी वाचत होती.

महाराणी संयोगिताबाई कागलच्या घाटगे घराण्यातल्या. या राजाराणीचे छायाचित्रकार मॅन रेनं फ्रान्समधल्या कान शहरात काढलेले फोटो आहेत, 1930 च्या सुमाराचे. राजाराणीचे फोटो कसे असतात ते आपल्याला पाठ आहे: तलवार, शेला, गालिचा, आणि कोणीतरी मरायला टेकल्यासारखे चेहरे. या फोटोंत दोघं एकमेकांना बिलगून खदखदून हसतायत. मुकुट नाही, दरबार नाही. लग्नाला आलेली कॉलेजातली मुलं वाटावीत. मला होळकरांच्या अख्ख्या घराण्यात अहिल्याबाईंनंतर कोणाचा चेहरा जवळचा वाटत असेल तर या हसणाऱ्या मुलीचा. 1937 साली ती स्वित्झर्लंडमध्ये वारली. तेवीसचीही नसेल. म्हणजे त्या घरात दोघं मिळून राहिली ती मोजकी वर्षं, आणि त्यातलीही कितीतरी परदेशात.

पुढे माणिकबाग सरकारकडे आली. यांच्या टेबलाला लागून लोखंडी कपाट, कपाटावर लाल फडक्यात बांधलेले बस्ते, आणि त्यांच्या डोक्यावर ती रुंद, सरळ रेषांची खिडकी. डबा खाताना त्या खिडकीतून हिरवळ दिसायची. मला ती मांडणी कधी विटंबना वाटली नाही. निदान खिडकी रोज कोणीतरी उघडत होतं. संग्रहालयात ते भाग्य नसतं.

सामान मात्र गेलं. मे 1980 मध्ये सदबीनं त्याचा लिलाव केला, आणि कुठे, तर माँटे कार्लोत. पाठीमागच्या स्टेशनवरून गाडीनं वीसेक मिनिटं. हे घड्याळ आणि वेळापत्रक आलटून पालटून पाहू लागले.

“तिथे आता काय ठेवलंय?” मी म्हटलं.

“काही नाही. जागा बघून येऊ.”

“आणि होडी?”

हे पुन्हा टेकले. त्या खुर्च्या, ते पलंग कोणाकोणाच्या दिवाणखान्यात पसरले असतील. 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटकलांच्या संग्रहालयात यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यातले बरेच नग पुन्हा एका छताखाली आले. इंदुरात असं प्रदर्शन भरलं असतं तर राजवाडा चौकापर्यंत रांग लागली असती. अर्थात निम्मी माणसं वाटेत सराफ्यातल्या खाऊगल्लीत अडकली असती.

खाण्याचा विषय निघाला आणि आम्ही उठलो. इथे सोक्का मिळतो: हरभऱ्याच्या पिठाचा पातळ घोळ, ऑलिव्ह तेल, वर मिरपूड, भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेला. कडा करकरीत, मध्ये मऊ. यांनी पहिल्या घासाला मान डोलावली, खिशातून जिरावणाची, म्हणजे आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी काढली आणि दुसऱ्या घासाला निकाल दिला की हे बेसनाचं धिरडंच आहे, फक्त कांदा राहिलाय. मला विचाराल तर कांद्यानं धिरडं सैल पडतं. सासूबाई त्यात ओवा आणि कोथिंबीर यांपलीकडे काही पडू देत नसत, आणि त्या असेपर्यंत यांनी घरात कांद्याच्या धिरड्याचं नावही कधी काढलं नव्हतं.