बुलेट: जुनी की स्पेशल एडिशन?

लकडगंजात आमच्या घरी सध्या एकच वाद आहे: भाच्यासाठी कोणती बुलेट घ्यायची? व्याजाचं कर्ज नको, म्हणून गाडी वापरलेलीच येणार.

अब्बांचा जीव जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये. तिचा ठोका वेगळा, हे खरंच. पण तिचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. आजच्या गाड्यांवर शिकलेला पोरगा घाबरला की उजवा पाय दाबतो, आणि तिथे ब्रेक नसतो. शिवाय १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहेच.

भाच्याला हवी २०१८ची क्लासिक ५०० पेगासस. दुसऱ्या महायुद्धातल्या फ्लाइंग फ्लीच्या आठवणीत काढलेली. भारतात फक्त २५० आल्या, टाकीवर प्रत्येकीचा क्रमांक. पण एबीएस नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तशाच लष्करी थाटाची क्लासिक सिग्नल्स ३५० आली, एबीएससकट. म्हणजे पेगाससचे जास्तीचे पैसे मुख्यतः त्या क्रमांकाचे.

माझं मत सिग्नल्सला. चेसिस नंबर आरसीशी जुळवून, मिस्त्रीला दाखवून.

अब्बा म्हणाले, "तिला तो आवाज नाही."

"नसू द्या, अब्बा. पोरगा रोज नीट घरी आला पाहिजे."