जांभळी फीत आणि काळी माती

पहाटे धामणगावातून बाहेर जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, अंधारात पावलं वाजताना ऐकू येतात. भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात. कुणाच्या पायात नवे बूट, कुणाच्या पायात मोठ्या भावाचे. पावसाळ्यात काळी माती टाचेला चिकटते, बूट जड होतात, तरी सोळाशे मीटर वेळेत काढायचेच असतात. दोन्हीकडे कपाशी उभी असते. रुळांवरून एखादी मालगाडी धडधडत निघून जाते. त्या पोरांना पाहिलं की ऊर अभिमानानं भरून येतो, आणि त्याच क्षणी काळजीही वाटते.

त्यांच्यातलाच एखादा पुढं वर्दी घालतो. सुट्टीत हिरवी ट्रंक घेऊन धामणगावच्या फलाटावर उतरतो, तेव्हा ओळखीचं कुणीतरी हाक मारतंच, "कवा आला गा? किती दिवस हाय सुट्टी?" तो हसतो. बर्फाबद्दल, गोळीबाराबद्दल सहसा बोलत नाही. आईच्या हातची भाकर, शेतातली निंदणी, बहिणीचं लग्न, एवढ्यावरच बोलणं थांबतं.

आमच्या मुलखाला फौज दूरची नाही. वर्धा नदी ओलांडली की पुलगाव, लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथं आग लागली, स्फोट झाले. आग विझवायला पुढं झालेले लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार, मेजर के. मनोज आणि अग्निशमन दलाचे जवान परत आले नाहीत. चार महिनेही झाले नव्हते, तोच १८ सप्टेंबरला उरीच्या तळावर हल्ला झाला. त्यात शेजारच्या नांदगाव खंडेश्वरचे शिपाई उईके गेले, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुरडचे विकास कुळमेथे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनवर कर्तव्य बजावताना गेला. लष्करी मोहिमेवर असताना प्राण गमावलेला तो देशातला पहिला अग्निवीर.

अशा जवानाचं पार्थिव येतं, त्या दिवशी गाव लोटतं. दुकानं बंद होतात, रस्त्यावर फुलं पसरतात, घोषणांनी घसा बसतो. ते सगळं मनापासूनचं असतं. पण त्या गर्दीत मला नेहमी एक प्रश्न पडतो. या पोरानं नेमकं काय केलं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

परमवीर चक्राकडे पाहावं. ते सोन्याचं नाही, साध्या कांस्याचं आहे. त्याचा आराखडा केला सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं त्या युरोपातल्या, लग्नानं मराठी घरातल्या झालेल्या. पदकावर त्यांनी इंद्राची चार वज्रं कोरली. दधीची ऋषींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींतून वज्र घडलं, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. वर फक्त एक जांभळी फीत. कुणाच्या तरी हाडामांसातून आपलं रक्षण घडतं, हे त्या लहानशा चकतीवर सांगून ठेवलेलं आहे.

पण धातू स्वतः बोलत नाही. बोलतं ते त्यासोबतचं प्रशस्तिपत्र. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव. वय २३. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. जखमी कंपनी कमांडरला त्यांनी खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागं आणलं. पुन्हा जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं. मग एकट्यानं शत्रूच्या मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४८ मध्ये सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे जखमी मांडीनिशी सुरुंग काढत, अडथळे हटवत राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांना वाट करून देत राहिले, ८ ते ११ एप्रिल, सलग चार दिवस. त्यांना परमवीर चक्र मिळालं. दोघंही आपापलं पदक छातीवर लावून पुढं कित्येक वर्षं जगले. पराक्रमाचा सन्मान हयातीतही करता येतो, हे आपण विसरतो.

एवढं वाचलं की 'शूर' हा शब्द जमिनीवर येतो. त्याला पाण्याची खोली कळते, मांडीतली कळ कळते. नाव माहीत असणं ही ओळख झाली. कृत्य माहीत असणं हा सन्मान. तेविशीतल्या पोरानं कुठल्या क्षणी स्वतःच्या जिवापेक्षा दुसऱ्याचा जीव मोठा मानला, ते आपल्या लेकरांना तपशिलानं सांगता आलं पाहिजे. शौर्यपदक न मिळालेल्यांचंही सांगितलं पाहिजे. सियाचीनच्या थंडीत पहारा देणं, आगीच्या दिशेनं पाऊल टाकणं, यालाही छाती लागते.

दर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या निमित्तानं शौर्यपदकं जाहीर होतात. त्या दिवशी सकाळी गावोगाव झेंडावंदन असतं. माझी एवढीच विनंती आहे: त्या दिवशी भाषण थोडं आवरा आणि आपल्या तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या एका जवानाचं प्रशस्तिपत्र शाळेत मोठ्यानं वाचा. प्रशस्तिपत्र नसेल, तर त्याच्या सेवेची हकिगत सांगा. तो हयात असेल तर त्याला पहिल्या रांगेत बसवा. तो नसेल, तर त्याच्या आईला बसवा, आणि तिच्या पेन्शनचा कागद कुठं अडला असेल तर दुसऱ्याच दिवशी तिच्यासोबत कचेरीत जा.