वयाची सवलत

मंडळी, वय झालं की सवलती मिळतात. पासष्टी उलटल्यावर एसटीचं अर्धं तिकीट काढताना मला कोण आनंद व्हायचा! पण अशीच एक सवलत २०२३च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माझ्या अंगाशी आली. तीच हकिकत आज सांगतो.

लेक-जावई सिएटलजवळ राहतात. घरापासून लेक वॉशिंग्टन जवळच. नावाला तळं, पण लांबी जवळजवळ ३५ किलोमीटर. जावयांनी एक जुनी मोटरबोट घेतली आहे. त्या राज्यात १५ हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची बोट चालवायची तर परीक्षा देऊन कार्ड घ्यावं लागतं. बारा वर्षांच्या मुलालाही ते मिळतं. मात्र १ जानेवारी १९५५पूर्वी जन्मलेल्यांना त्यातून सूट आहे. माझा जन्म १९५०चा! बारा वर्षांची नात पुस्तक घेऊन नियम घोकत होती आणि मी तिला चिडवत होतो, "बघ, मला न शिकताच पास केलंय."

त्या रविवारी जावई म्हणाले, "बाबा, धरता का स्टिअरिंग?" मी लगेच बसलो. पाणी शांत, ऊन छान. थोड्या वेळानं उजवीकडून एक बोट येताना दिसली. मला वाटलं, ते बघतील, वळतील. आपल्याकडे रस्त्यावर नाही का, ज्याला घाई कमी तो थांबतो! पण ती बोट सरळच येत राहिली. मी जरासा डावीकडे वळलो. मग वाटलं चुकलं, म्हणून जरासा उजवीकडे. तेवढ्यात तिकडून भोंगा वाजला. तोकडे तोकडे पाच आवाज. जावयांनी झडप घालून इंजिनाचा वेग शून्यावर आणला. ती बोट आमच्यापुढून दोन वर्गखोल्यांइतक्या अंतरावरून निघून गेली. तिच्या लाटांनी आमची बोट इतकी हलली की नातीनं माझा दंड घट्ट धरला.

कोणी काही बोललं नाही. जावई तर एका शब्दानंही नाही. तेच जास्त लागलं.

रात्री नातीला म्हटलं, "आण ते पुस्तक." तिनं मला शिकवायला घेतलं. माझा पहिला प्रश्न, "तो माणूस भोंगा वाजवून मला शिव्या देत होता का?" ती हसली. "नाही आजोबा, पाच छोटे आवाज म्हणजे तुम्ही काय करताय ते आम्हाला कळत नाहीये." खरंच होतं की! मलाच कुठे कळत होतं?

हे नियम १९७२ साली ठरले आणि १९७७पासून जगभर लागू झाले. भारतही त्यात आहे. दोन मोटरबोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. एकमेकींचा मार्ग छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे तिनं वाट द्यायची. रात्री हे ओळखायला दिवे असतात, डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा. उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीची डावी बाजू आपल्याकडे असते, म्हणून आपल्याला लाल दिसतो. लाल दिसला की वाट आपण द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्यानं तर नेहमीच बाजूनं जायचं, मग तो शिडाचा असो की मोटरचा.

मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. मी समजत होतो की हे हक्काचे नियम आहेत, पहिला मी की पहिला तू. तसं नाही. दोघांनाही काम वाटून दिलेलं आहे. वाट देणाऱ्यानं वेळेवर आणि ठळकपणे वळायचं, म्हणजे दुसऱ्याला लांबूनही कळेल. माझ्यासारखं जरा इकडे, जरा तिकडे नाही. आणि दुसऱ्यानं आपली दिशा व वेग बदलायचा नाही, म्हणजे पहिल्याला अंदाज येतो. पण समोरचा वळतच नाही असं दिसलं तर 'माझंच बरोबर' म्हणत बसायचं नाही, टक्कर टाळायची. तो माणूस सरळ येत होता तो उर्मटपणानं नव्हे, नियमानं! मी मात्र वर्गात छत्तीस वर्षं शिस्त शिकवून तिथे बेशिस्त ठरलो.

सवलत परीक्षेतून मिळाली होती, शिकण्यातून नव्हे. पाण्याला माझं जन्मसाल काय ठाऊक? हातात माझ्या स्टिअरिंग होतं आणि शेजारी बारा वर्षांचं पोर होतं. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

पुढच्या आठवड्यात नात परीक्षा पास झाली. मीही घरीच सराव परीक्षा दिली. तिनं लाल पेननं तपासली, तीन चुका निघाल्या.

नंतर बोटीवर गेलो तेव्हा जावयांनी पुन्हा स्टिअरिंग पुढे केलं. म्हटलं, "आज नको." प्रत्येक बोटीवर कायम कुणीतरी डोळे-कान उघडे ठेवून पाहणी करत असलं पाहिजे, असाही एक नियम आहे. ते काम मी मागून घेतलं. पुढच्या बाकावर बसलो आणि दिसेल ते सांगत राहिलो. "उजवीकडून होडी!"

"दिसली आजोबा," मागून नात म्हणाली. आणि बाबाला म्हणाली, "वळा आता, चांगलं ठळक."

असो.