अर्थ चुकला

आमच्या गाडीत उपग्रह रेडिओ बसवला तो २००७च्या नोव्हेंबरात, आणि त्याच दिवशी संध्याकाळी शहाद्याहून म्हसावदला परतताना डॅशबोर्डावर तो पिवळा दिवा लागला. मी वडिलांकडे पाहिले. त्यांचे दिव्याकडे लक्ष नव्हते. ते टपावरून आत घेतलेल्या तारेचे वेटोळे मांडीवर धरून बसले होते, दवाखान्यातून नवे मूल घरी आणताना बसतात तसे.

रेडिओ गाडीत का, असा प्रश्न आज कोणालाही पडेल. त्याचे उत्तर भारनियमनात आहे. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे, आणि ती येई तेव्हा मोटार चालू करायला शेताकडे धावावे लागे. घरातला रेडिओ संच विजेवर. तो बहुधा मुकाच. गाडीला मात्र स्वतःची बॅटरी होती. गाडी म्हणजे आमच्याकडचे एकमेव ठिकाण, जिथे वीज मंडळाच्या वेळापत्रकाचा अंमल नव्हता.

नानांचे, म्हणजे वडिलांचे, संगीताशी नाते रेडिओमुळेच जडलेले. माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या या माणसाने आयुष्यात मैफली ऐकल्या असतील त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण आकाशवाणीचा १९५२ साली सुरू झालेला राष्ट्रीय संगीताचा कार्यक्रम शनिवारी रात्री लागे, आणि ती रात्र आमच्या घरात राखीव असे. मध्यम लहरींवर खरखर असायचीच. लहानपणी मला वाटे की तंबोऱ्याचा आवाजच तसा असतो.

म्हणून २००७च्या दिवाळीत मी पुण्याहून वर्ल्डस्पेसचा संच घेऊन आलो. या सेवेची मूळ कल्पना आज विसरली गेली आहे, म्हणून थोडे सांगतो. इथिओपियात जन्मलेल्या नोहा समारा यांनी १९९० साली ही कंपनी स्थापन केली ती जिथे दुसरे कोणतेही प्रक्षेपण धड पोहोचत नाही अशा प्रदेशांसाठी. आधी आफ्रिकेसाठी एक उपग्रह, मग मार्च २०००मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडलेला ‘एशियास्टार’. विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशापाशी, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो स्थिर. त्याच्यावर मराठी गाण्यांची ‘सुरभी’ ही वाहिनी होती आणि अहोरात्र हिंदुस्थानी संगीत देणारी ‘गंधर्व’. शनिवारच्या एका रात्रीवर जगलेल्या माणसाला अहोरात्र म्हणजे काय, हे मला नीट कळले नव्हते. नानांनी पहिल्या दिवशी ऐकून विचारले, ‘‘हे संपतं कधी?’’

म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी. उत्तरेला डोंगर, आणि उपग्रह आग्नेयेला, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर. त्यामुळे सपाटीवर सातपुडा आड येत नसे. नाना पहाटे गाडी केळीच्या बांधावर नेऊन उभी करीत, चपटी अँटेना टपावर लाकडी पाचर लावून कलती ठेवीत आणि काचा खाली करून ऐकत बसत. गाडी धावू लागली की मात्र आवाज तुटे. अमेरिकेत २००१-०२पासून एक्सएम आणि सिरियस या कंपन्यांचे उपग्रह रेडिओ मोटारींतच रुजले, पण तिथे शहरोशहरी जमिनीवरही पुनःप्रक्षेपक उभारलेले होते. आपल्याकडे ते नव्हते. उपग्रह दिसला तर गाणे, नाही तर शांतता. एखादे झाड, एखादा ऊस भरलेला ट्रॅक्टर शेजारून गेला तरी तान अर्ध्यात तुटे. मला त्याचा वैताग येई. नानांना येत नसे. खरखरीच्या मानाने शांतता पुष्कळ बरी, असे त्यांचे मत.

घाट चढताना कडा जवळ आला, झाडी दाट झाली, की रेडिओ बंद पडे, आणि पहिली रांग ओलांडल्यावर डोंगर पाठीशी, म्हणजे दक्षिणेला आले की बराच वेळ बंदच राही. ही शांतता आमच्या इतकी सवयीची झाली होती की अमुक वळणावर आवाज जाईल हे नाना आधीच बोट वर करून सांगत. हे लक्षात ठेवावे. पुढे लागणार आहे.

आता त्या दिव्याविषयी. तो इंजिनाच्या आकृतीचा होता. नानांच्या मते ती पाण्याची मोटर होती, आणि एकदा तसे म्हटल्यावर मलाही तिथे दुसरे काही दिसेना. चिन्हाला ओळख देणारा समाज बदलला की चिन्ह बदलते, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात सापडलेले नाही. ज्याने रेडिओ बसवला त्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, ‘‘सर, जास्तीची वस्तू जोडली की लागतो कधी कधी. गाडी चालतेय ना?’’ गाडी चालत होती.

मी तेव्हा महाविद्यालयात भारतीय साहित्यशास्त्र शिकवीत होतो. अनुमानाच्या तासाला नैयायिकांचा तो जुना दृष्टान्त येतोच: डोंगरावर धूर दिसतो, तेव्हा तिथे विस्तव असला पाहिजे. मी मुलांना आमच्या दिव्याचे उदाहरण दिले. दिवा दिसतो, म्हणून बिघाड आहे असे म्हणाल का? नाही, कारण इथे आणखी एक गोष्ट आहे, रेडिओ. रेडिओ जोडण्यापूर्वी दिवा नव्हता, जोडल्यावर आला. तेव्हा दिव्याने सुचवलेला अर्थ बिघाड हा नसून रेडिओ हा आहे. मुले हसली. मलाही स्वतःचे कौतुक वाटले. आज लिहिताना नमूद करायला हवे की माझे अनुमान बरोबर होते. तो दिवा खरोखर रेडिओमुळेच लागला होता. ते चुकीचे असते तर कदाचित मी गाडी कुणाला तरी दाखवली असती.

दिवा तेरा महिने जळत राहिला. रात्री तो डोळ्यांत खुपतो म्हणून नानांनी कधी तरी त्यावर वायरीच्या काळ्या टेपचा तुकडा चिकटवला. चांगला बोटभर रुंद, नीट कापलेला, कोपरे दाबून बसवलेला. पेपर तपासताना ते चुकीवर काट मारीत तीही अशीच नेटकी असे.

२००८च्या डिसेंबरात एका रात्री अकराच्या सुमारास धडगावहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला की आत्याचे जास्त झाले आहे. आत्या नानांहून चार वर्षांनी मोठी. तिचे यजमान तिकडे आश्रमशाळेत शिक्षक होते आणि ते गेल्यावरही ती तिथेच राहिली होती. नाना पाच मिनिटांत निघाले. स्वेटर उलटा घातला होता, तो मी गाडीत सांगितल्यावरही त्यांनी सरळ केला नाही. मी चालवत होतो. बोलण्यासारखे काही नव्हते. नानांनी रेडिओ लावला. कोणी तरी दरबारी गात होते. घाटाच्या पायथ्यापर्यंत ते तुटत तुटत चालू राहिले.

चढाला लागल्यावर आवाज गेला. नानांनी बोट वर केले नव्हते, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या वळणाआधीच गेला होता. हे मला तेव्हा जाणवले का? जाणवले असावे, कारण आज आठवते. पण घाटात रेडिओ बंद पडतो, हे आम्हाला माहीत होते. मग पुढचा रस्ता पिवळट दिसू लागला. मी काच आतून पुसली. धुके असेल असे वाटले. थोड्या वेळाने इंजिनाने एक-दोन गचके दिले आणि एका वळणावर, कड्याच्या बाजूला, गाडी उभी राहिली. किल्ली फिरवली तर नुसता टिकटिक आवाज.

त्या रस्त्यावर त्या वेळी वाहन नव्हते आणि मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही काचा वर करून बसलो. नानांनी एकदाच विचारले, ‘‘किती लांब राहिलं?’’ मी सांगितले. ते पायी निघायला उठले, दार उघडले, बाहेरचा अंधार पाहिला आणि परत बसले. पहाटे धडगावकडे जाणारी एक जीप आली. आत्या चारच्या सुमारास गेली होती. शेवटी शुद्धीवर होती, भाऊ निघाला का म्हणून विचारत होती, असे बायकांनी सांगितले. सांगायला नको होते, असे मला वाटले. पण माणसे सांगतात.

चार दिवसांनी गाडी ओढून शहाद्याला आणली. या वेळी एका दुसऱ्या, वयस्क इलेक्ट्रिशियनकडे. त्याने डायनामोचे कार्बन काढून तळहातावर ठेवले. झिजून नखाएवढे उरले होते. बॅटरी भरलीच जात नव्हती. ‘‘लाल दिवा लागला असेल की बॅटरीचा,’’ तो म्हणाला. मग त्याने डॅशबोर्डाकडे पाहिले, नखाने टेप उचकटली आणि काहीच बोलला नाही. टेपखाली दोन दिवे होते. पिवळा, आणि त्याला खेटून लाल. नानांनी एक झाकायला गेलेल्या बोटभर पट्टीने दोन झाकले होते. बॅटरी रेडिओला पुरेनाशी झाली तेव्हा रेडिओ गेला. आम्ही डोंगराला जबाबदार धरले. मग दिवे मंदावले. आम्ही धुक्याला धरले.

मग तो रेडिओच्या जोडणीकडे वळला. डॅशबोर्डाखाली आडवा होऊन, विजेरी दातात धरून त्याने बराच वेळ शोधले आणि आतूनच म्हणाला, ‘‘सर, तुमचा अर्थ चुकलाय.’’

क्षणभर मला कळेना. गॅरेजात अर्थ म्हणजे विद्युत्प्रवाहाची परतीची वाट. इंग्रजी शब्द आपल्या कारागिरांनी उचलला आणि तो योगायोगाने आपल्या जुन्या शब्दाच्या अंगावर येऊन बसला. त्याने समजावले ते असे. जुन्या गाड्यांत परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, आणि काळी तार दिसली की ती अर्थची, हा नियम डोळे मिटून चाले. पण इंजिनाचे काम संगणक पाहू लागल्यापासून काही काळ्या तारा वेगळ्या झाल्या. त्या सेन्सरच्या परतीच्या. त्यांतून संगणक बारीक बारीक विद्युद्दाब मोजतो. रेडिओचा प्रवाह त्यांतल्याच एका तारेतून परत जात होता, त्यामुळे मोजमाप बिघडे आणि संगणक पिवळा दिवा लावी. ‘‘काळी दिसली म्हणून त्यानं अर्थ धरला,’’ तो म्हणाला. ‘‘त्याचीही चूक नाही म्हणा. आधीच्या गाड्यांत बरोबरच होतं.’’

त्याने ती तार सोडवून पत्र्यावर स्क्रूने आवळली. दहा मिनिटांचे काम. तेरा महिने जळणारा पिवळा दिवा संगणकाची स्मृती पुसल्यावर गेला.

त्या सत्रात पुन्हा अनुमानाचा तास आला, तेव्हा मी दिव्याचे उदाहरण दिले नाही. धूर आणि विस्तवावर भागवले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, तो दिवा गेला का?’’ मी गेला म्हणून सांगितले.

नानांनी गाडीतला रेडिओ काढायला सांगितले नाही, पण परत लावलाही नाही. वर्ल्डस्पेसवर अमेरिकेत ऑक्टोबर २००८पासूनच दिवाळखोरीची कारवाई सुरू होती आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबली. ती बातमी मी वाचून दाखवली तेव्हा नाना म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे.’’ टेपविषयी आम्ही कधीच बोललो नाही. रेडिओ मी आणला होता, पट्टी त्यांनी चिकटवली होती. यावर बोलायचे तर सुरुवात कोणी करायची, हा प्रश्न होता.

एवढे मात्र झाले, की ते गाडीत बसले की किल्ली अर्धीच फिरवून थांबत. तेव्हा सगळे दिवे, लाल, पिवळे, एकदम लागतात; काही थोड्या वेळाने विझतात, बाकीचे इंजिन सुरू झाल्यावर. नाना वाकून ते पाहत. वर्गात हजेरी घेताना पाहत तसे, एकही नाव न गाळता. एखाद्या दिवशी समाधान झाले नाही तर किल्ली मागे आणून पुन्हा फिरवीत. आई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन वाट पाहत बसे.