बिनतारी

हिंगणघाटात बोलायला माणूस मिळत नाही, अशी तक्रार आजवर कुणी केल्याचं ऐकिवात नाही. चहाची टपरी, पानठेला, कापसाच्या दिवसांत बाजार समितीपुढे लागणारी गाड्यांची रांग, जिथे दोघे थांबले तिथे तिसरा "काय म्हनता जी?" करत येऊन उभा राहतोच. अशा गावात जन्म काढून एका माणसाला गप्पा मारायला जपान लागावा, हे गावाच्या पचनी पडायला बरीच वर्षं गेली.

त्याचं खरं नाव शाळेच्या मस्टरवर होतं. गाव त्याला 'बिनतारी' म्हणे. (या शब्दाचा 'तार सुटलेला' असाही अर्थ होतो. ज्यांना तो घ्यायचा असे, ते घेत.) शाळेत तो विज्ञान शिकवी आणि घरी हॅम होता. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि घरच्या यंत्रावरून जगभरच्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी बोलायचं, असा हा छंद. त्या काळी परीक्षेला मॉर्सची कट्टकडकट्ट यावी लागे. दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला ५ शब्द. मिनिटाला ५ शब्द बोलणाऱ्याला हिंगणघाटात मुका समजतात, पण तेवढ्यासाठी ह्याने वर्षभर चमचे, फळ्या, सायकलची घंटा, जे हाती लागेल ते वाजवलं. ऐकून ऐकून वहिनींनाही एक अक्षर आलं. डा-डिट-डा, म्हणजे 'के', म्हणजे हॅमच्या भाषेत 'आता तुम्ही बोला'. वहिनी ते लाटण्याने ओट्यावर वाजवत. त्याचा अर्थ 'आता पुरे, जेवायला या' असा होता.

परवाना आला. भारताची खूण म्हणून 'व्हीयू' ही अक्षरं पुढे लावलेलं एक नाव त्याला मिळालं आणि अंगणात दोन बांबू उभे राहिले. चाळीस मीटरच्या लहरींसाठी मधे वीस मीटरची तार. पाऊस लांबला तसे शेजारी विचारायला आले. ह्याने हौसेने समजावलं : लहरी दोन-तीनशे किलोमीटर वर जातात, तिथल्या आयनांबरावर आपटतात आणि परतून खाली दूरदेशी उतरतात.

"म्हंजे आभायाले ठोकून राह्यले ना जी तुम्ही," शेजारी म्हणाले, "मंग पाऊस कसा पडंन?"

एका अडत्याला मात्र यंत्र एकदम आवडलं. परदेशातला कापसाचा भाव रोज सकाळी विचारून द्यायचा, एवढंच त्याचं मागणं. परवान्यात धंद्याचा निरोप बसत नाही, हे ऐकून तो चकितच झाला.

"मंग बोलता काय तुम्ही?"

"हवामान. अँटेना. तब्येत."

"थेवढ्यासाठी अमेरिका?"

१९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागे. पडद्यावर मुंग्या आल्या की लोक टीव्हीच्या दुकानात न जाता ह्याच्या दारात येत. शेवटी ह्याने दारावर पाटी लावली : 'रविवारी सकाळी यंत्र बंद. मुंग्या दुसऱ्या कुणाच्या.'

हॅम मंडळींत पलीकडच्याची चौकशी ठरलेली असते : तुम्ही कुठून? आम्ही इतर लोक 'नागपूरच्या खाली' सांगून सुटका करून घेतो. हा नाही. गावाच्या नावातलं इंग्रजी अक्षरन् अक्षर तो फोडून सांगे : हॉटेल, इंडिया, नोव्हेंबर, गोल्फ... शेजारच्या काकूंचा बरेच दिवस समज होता की, हा नोव्हेंबरात कुठल्याशा हॉटेलात उतरणार आहे. आणि एवढ्यावर न थांबता तो लॅम्बटन काढी.

विल्यम लॅम्बटन १८०२ साली मद्रासेहून पृथ्वी मोजायला निघाला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट माणसांकडून वाहवत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटात वारला. कबर इथेच आहे. काम पुढे नेलं त्याच्या मदतनिसाने, जॉर्ज एव्हरेस्टने. १८६५ साली शिखराला नाव लागलं ते एव्हरेस्टचं. बिनतारीला हा अन्याय घरचा वाटे. दर वर्षी वर्गातली पोरं घेऊन तो कबरीवर जाई. आणि रात्री जपान, फिनलंड, ब्राझील, जो सापडेल त्याला ही गोष्ट सांगे. पलीकडून "पुन्हा सांगा" असं येई. कधी ऐकू न आल्यामुळे, कधी विश्वास न बसल्यामुळे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीला भूकंप झाला आणि तिकडे हॅम मंडळी यंत्रं घेऊन धावली. हा गेला नाही. गुडघे धड नव्हते. घरी बसून निरोप पुढे ढकलत राहिला. गावातला बँकेचा एक कारकून तिकडचा होता. दोन दिवस तो ह्याच्या ओसरीवर बसून होता, चहा पुढे केला तर कप हातात तसाच. तिसऱ्या दिवशी खरखरीतून चार शब्द आले. हॅमच्या शिस्तीप्रमाणे ह्याने ते मोठ्याने परत म्हणून दाखवले : "आई शेतात. सुखरूप आहे." पलीकडचा बरोबर म्हणाला. ह्याने पुन्हा म्हटले. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदाची शिस्तीत गरज नव्हती.

त्यानंतर अँटेनाचा आणि पावसाचा संबंध गावाने तोडून टाकला.

हॅम वारला की तो वारला असं म्हणत नाहीत. त्याची 'कळ शांत झाली' म्हणतात. ह्याची झाली त्याला आता काही वर्षं झाली. पण बोलणं झाल्याची पावती म्हणून हे लोक एकमेकांना कार्ड पाठवतात आणि ती कार्डं संस्थांच्या गठ्ठ्यांतून फिरत फिरत दोन-दोन वर्षांनी पोचतात. तेरावा होऊन गेला तरी कार्डं येतच होती. वहिनी ती माझ्याकडे वाचायला आणत. तारीख, वेळ, लहर, '५९', खाली '७३'.

"एकोणसाठ म्हणजे काय हो, भाऊजी?"

"आवाज मोठा आणि स्वच्छ. ७३ म्हणजे नमस्कार."

एका जपानी कार्डावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं : लॅम्बटनबद्दल वाचलं, तुमचं खरं निघालं. ते मी वहिनींना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी ते कार्ड बाकीच्यांबरोबर डब्यात न टाकता देव्हाऱ्याशेजारी ठेवलं.

तार अजून तशीच आहे. गेल्या पावसाळ्यात एक बांबू कलला, तेव्हा शेजारचेच शिडी घेऊन आले आणि भिजत भिजत सरळ करून गेले.